लेकीचे उपास

नमस्कार ताई,

मिरजेहून लिहिते आहे. माझी मुलगी नववीत आहे, नुकतीच चौदा पूर्ण झाली. सहावीपासून शाळेच्या खो-खोच्या संघात होती, गेल्या वर्षी जिल्हा पातळीवर खेळून आली. यंदा शाळा सुरू झाली आणि तिने खेळ सोडला. विचारलं तर "अभ्यास आहे" एवढंच म्हणते. धाकट्याकडून कळलं की वर्गातल्या कुणीतरी सामन्याचं रील टाकलं होतं आणि त्याखाली हिच्या मांड्यांवरून कॉमेंट आल्या होत्या.

तेव्हापासून रात्री ताटावर बसत नाही. सकाळी चियाचं पाणी, दुपारी अर्धी पोळी, भात बंद. आणि एकदम देवाधर्माचं वेड लागलंय. संकष्टी, गुरुवार, एकादशी, सगळं करते. सासूबाईंना कौतुक वाटतं. खरं सांगायचं तर मलाही वाटलं होतं. पण गेल्या संकष्टीला चंद्रोदय झाला, आरती झाली, पानं वाढली, तरी ही "भूक मेली" म्हणून झोपायला गेली. धाकट्याला सांगते, मुलींनी एवढं खायचं नसतं, एवढ्या मोठ्याने हसायचं नसतं. हे आमच्या घरात कुणी शिकवलेलं नाही. दार लावून तासन्‌तास फोन बघते. मी रोज सांगते की बाळा, तू सुंदरच आहेस, तर उलट चिडते. मी स्वतः ही अशी जाडी, रात्रीचा भात मीही कधीच सोडलाय, माझं ती काय ऐकणार! हे म्हणतात, फोन काढून घे, सगळं जागेवर येईल. घेऊ का काढून?

एक आई

———

नमस्कार,

फोनचं शेवटी बोलू. तुमच्या पत्रातलं मला आधी टोचलं ते चंद्रोदयानंतर वाढलेलं आणि तसंच राहिलेलं पान.

मराठी घरातला उपास म्हणजे काय असतो हे आपल्या दोघींनाही ठाऊक आहे. साबुदाण्याची खिचडी, तीत दाण्याचं कूट सढळ हाताने, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, बटाट्याचा कीस. एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण उगाच पडलेली नाही. अशा घरात चौदा वर्षांची मुलगी उपास धरते आणि खिचडीलाही शिवत नाही, तेव्हा तो उपास देवासाठी असण्याचा संभव फार कमी. तिने काय केलं बघा. नुसतं "मला जेवायचं नाही" म्हटलं असतं तर घरातली चारही माणसं हात धुऊन मागे लागली असती. "उपास आहे" म्हटल्यावर सगळे गप्प बसले, वर आजीने पाठीवरून हात फिरवला. पोर हुशार आहे. तिच्या हुशारीचं कौतुकही वाटलं आणि पोटात गोळाही आला.

म्हणून पहिलं काम याच आठवड्यात करा: तिला बालरोगतज्ज्ञांकडे न्या. तिला बरोबर नेण्याआधी तुम्ही एकट्या जाऊन किंवा फोनवर डॉक्टरांशी बोला, उपासांचं सांगा, आणि तिच्यासमोर वजनाचा आकडा मोठ्याने वाचू नका अशी विनंती करा. "थोडं कमी झालं तर बरंच की" असं एखादा डॉक्टरही सहज बोलून जातो आणि पुढचे सहा महिने मुलगी ते वाक्य उशाशी घेऊन झोपते. या वयात वजन वाढायचंच असतं, त्यामुळे ते नुसतं जागच्या जागी थांबलं तरी डॉक्टर त्याची दखल घेतात. पाळी किती महिने आली नाही, चक्कर येते का, केस फणीत जास्त येतात का, हात सतत गार असतात का, जेवल्यावर लगेच बाथरूममध्ये जाऊन नळ सोडते का, रात्री दार लावून व्यायाम करते का, हे तुम्ही आठवून ठेवा. यातलं काही असेल, पाळी तीन महिने चुकली असेल किंवा खाल्लेलं ओकून काढत असेल, तर वाट पाहू नका. डॉक्टर मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा समुपदेशकाकडे पाठवतील, तिथेही जा. १४४१६ हा सरकारचा टेली-मानस क्रमांक आहे, मोफत आहे, मराठीत बोलता येतं, आणि आईबापांनीही त्यावर बोलावं. हिमोग्लोबिन तर तपासाच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुली रक्तक्षयी निघाल्या होत्या. हे नेहमीचं, घरचं जेवण जेवणाऱ्या मुली धरून. त्यात भात, पोळी आणि रात्रीचं ताट वजा केलं तर काय उरेल?

एक आकडा फ्रिजवर लिहून चिकटवावा असा आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशोबाने १३ ते १५ वयाच्या मुलीला दिवसाला २४०० किलोकॅलरी लागतात. बसून काम करणाऱ्या मोठ्या बाईला १६६०. म्हणजे तुमच्या लेकीने तुमच्यापेक्षा जवळजवळ दीडपट जेवायला हवं. वयात येताना मुलीच्या अंगावर मांड्यांना, कमरेला चरबी चढते ती शरीराने मुद्दाम चढवलेली असते. हाडं भरायची असतात, पाळी नियमित व्हायची असते. आणि ती बघते कुणाला? "दिवसभरात मी काय खाते" दाखवणाऱ्या पंचवीस-तीस वर्षांच्या बायांना, ज्यांची उंची वाढून दहा-बारा वर्षं झाली आणि ज्यांना ती बाटली, ती पावडर किंवा तो डाएट प्लॅन विकायचा आहे.

आता तुमचं ते वाक्य, "हे आमच्या घरात कुणी शिकवलेलं नाही". मला जरा हसू आलं, रागावू नका. मुलींनी मोठ्याने हसू नये, सावकाश चालावं, पोटभर खाताना दिसू नये, घाम येईल असं काही करू नये. हे तुमच्या-माझ्या आज्यांनी ऐकलं होतं, त्यांच्या आज्यांनी त्यांना सुनावलं होतं. "मुलीच्या जातीला शोभतं का?" हे वाक्य कानावर न पडता वाढलेली माझ्या पिढीतली बाई मला तरी भेटलेली नाही. मधल्या दोन पिढ्यांनी ते कसंबसं माजघरातून बाहेर काढलं. आता तेच "सॉफ्ट गर्ल", "फेमिनाइन एनर्जी", "क्लीन गर्ल" अशी नावं लावून, मंद संगीतावर, बेज रंगाच्या खोलीतून परत आलंय. आजी सांगायची तेव्हा निदान भांडता तरी यायचं. रीलमधल्या मुलीशी कोण भांडणार? ती तर इतकी गोड बोलते.

वेष्टन बदलून तोच माल विकणं ही या धंद्यातली जुनी कला आहे. १९७५ साली बाजारात आलेल्या फेअर अँड लव्हलीचं नाव २०२० साली ग्लो अँड लव्हली झालं. गोरेपणा हा शब्द गेला, ग्लो आला. तसंच "बारीक हो" असं आता कुणी म्हणत नाही. वेलनेस म्हणतात, डीटॉक्स म्हणतात, "ब्लोटिंग कमी करा" म्हणतात. तुमच्या लेकीनेही शेवटी तेच केलं. डाएटला संकष्टीचं वेष्टन घातलं. शिकली ती, आणि बाजाराकडूनच शिकली.

(तुम्ही लिहिलेलं नाही, तरी विचारून ठेवते: ती चेहऱ्याला काही लावते का? मैत्रिणीकडून, पार्लरमधून, ऑनलाइन मागवलेलं, ज्यावर काय घातलंय ते छापलेलं नाही असं? २०२३ मध्ये अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघींच्या मूत्रपिंडांना इजा झाल्याचं उघड झालं आणि कारण निघालं गोरं होण्याच्या क्रीममधला पारा. असली डबी सापडली तर ओरडू नका, पण फेकून द्या आणि डॉक्टरांच्या कानावर घाला.)

चित्रं बघून मुली खरंच एवढ्या बदलतात का, अशी शंका तुमच्या मिस्टरांना असेल तर त्यांना फिजीची गोष्ट सांगा. त्या बेटांवर अंगाने भरलेली बाई चांगली मानली जायची. कुणी वाळलेलं दिसलं, भूक मंदावली, की नातेवाईक काळजीत पडायचे. आपल्याकडच्या आज्या "किती वाळलीस गं, खात नाहीस का?" म्हणायच्या, अगदी तसं. नाद्रोगा या भागात १९९५ साली टीव्ही आला. त्याच सुमारास ॲन बेकर या अमेरिकन संशोधक डॉक्टरने तिथल्या शाळकरी मुलींना खाण्यापिण्याबद्दल प्रश्न विचारले, आणि तीन वर्षांनी, १९९८ मध्ये, तिथल्याच मुलींच्या दुसऱ्या गटाला तेच प्रश्न विचारले. वजन कमी करायला ओकारी काढणारी मुलगी पहिल्या खेपेला एकही नव्हती. दुसऱ्या खेपेला शंभरात अकरा होत्या. चारातल्या तिघींना वाटत होतं की आपण कधी ना कधी फार मोठ्या किंवा जाड दिसतो. दोन्ही वेळा मुली साठ-पासष्टच होत्या, त्यामुळे या एका अभ्यासावर सगळा मांडव उभारू नये. पण मला त्यातल्या मुलींचं बोलणं लक्षात राहिलंय. त्यांना नुसतं टीव्हीतल्या बायकांसारखं दिसायचं नव्हतं. बारीक झालं तर नोकरी मिळेल, घराला हातभार लावता येईल, असं त्यांना वाटत होतं. बारीक अंग म्हणजे चांगलं आयुष्य, ही जोडणी टीव्हीने करून दिली होती. तुमची मुलगीही नुसत्या मांड्या बघत नसणार. त्या मांड्यांच्या भोवती असलेली खोली, मैत्रिणी, सहल, कौतुक, हे सगळं बघत असणार.

फिजीत टीव्ही सगळ्यांना सारखाच दिसत होता. फोनचं तसं नाही. एखाद्या रीलवर तुमची मुलगी चार सेकंद जास्त रेंगाळली की ते यंत्र तसलीच आणखी दहा समोर ठेवतं. ती आवडीने थांबली, हेव्याने थांबली की रडू आलं म्हणून थांबली, हे त्याला कळत नाही. थांबली एवढंच त्याला कळतं. इन्स्टाग्रामच्या मालक कंपनीतल्याच संशोधकांनी आपल्या वरिष्ठांना सांगितलं होतं की स्वतःच्या शरीराबद्दल वाईट वाटणाऱ्या किशोरवयीन मुलींपैकी तिघींत एकीला आपलं ॲप आणखी वाईट वाटायला लावतं. हे कागद २०२१ मध्ये बाहेर आले. त्याच कागदांत, बऱ्याच मुलांना इतर बाबतींत बरंही वाटतं, असंही होतं. ते वगळून सांगणं बरोबर नाही. पण तुमच्या घरी आत्ता जी मुलगी आहे ती त्या तिघींतली एक आहे असं धरून चालू.

आता "तू सुंदरच आहेस". हे तुम्ही मायेने म्हणता आणि ती चिडते. मला तिची बाजू कळते. ती तुम्हाला सांगतेय की माझी एक परीक्षा चालू आहे, रोज, सगळ्यांसमोर, आणि मी नापास होतेय. तुम्ही म्हणता, नाही गं, तू पास आहेस. पण परीक्षक तुम्ही नाही हे तिला माहीत आहे. आई तर काय, आईला सगळीच लेकरं देखणी. शिवाय त्या उत्तराने परीक्षा चालू आहे हे तुम्हीही कबूल करून टाकता. मग उद्या पुन्हा विचारावं लागतं, परवा पुन्हा. त्यापेक्षा काही दिवस तिच्या दिसण्यावर बोलणंच बंद करा. चांगलं नाही, वाईट नाही, काहीच नाही. "आज फ्रेश दिसतेस"सुद्धा नको. अवघड जातं, करून बघा. आपल्या बोलण्यात अंगाखेरीज दुसरं किती कमी असतं ते दोन दिवसांत कळतं.

हे सासूबाईंनाही सांगावं लागेल आणि ते काम तुमच्या मिस्टरांचं आहे, त्यांच्या आईला त्यांनीच सांगावं. आपली भाषा या बाबतीत फार श्रीमंत आहे. चवळीची शेंग, नाकी-डोळी नीटस, काडी, ढब्बू, भोपळा, "लग्नात कसं व्हायचं हिचं". हळदीकुंकवाला जमलेल्या बायका दारातच एकमेकींना पहिलं काय म्हणतात? "अगंबाई, किती सुटलीस!" किंवा "किती बारीक झालीस, काय करतेस सांग तरी!" मुलगी चहाचा ट्रे घेऊन उभी असते आणि ऐकत असते. माझं विचाराल तर १९९४ मध्ये मी आठवीत होते. त्या एका वर्षात सुष्मिता सेन विश्वसुंदरी झाली आणि ऐश्वर्या राय जगत्सुंदरी, पेपरांतून महिनोन्‌महिने तेच. पण मी दप्तर पाठीवर न घेता छातीशी धरून, खांदे पुढे पाडून चालायला लागले ते त्या दोघींमुळे नाही. एका मावशीने लग्नाच्या मांडवात, चार माणसांत, "हिला आता ओढणी घ्या" म्हटलं म्हणून. खांदे अजून तसेच आहेत. फिजिओथेरपिस्टने विचारलं, कधीपासून, तर मला तारीख सांगता आली असती.

तेव्हा तुमच्या पत्रातलं दुसरं वाक्य, जे तुम्ही जाता जाता लिहिलंत: "मी स्वतः ही अशी जाडी, रात्रीचा भात मीही कधीच सोडलाय." हे वाक्य तुम्ही घरात किती वेळा बोलता? आरशासमोर, फोटो काढताना, ब्लाउज घट्ट झाल्यावर, पाहुण्यांनी आणखी एक पोळी वाढली की? मी तुम्हाला दोष देत नाही. तुम्हालाही ते कुणीतरी शिकवलेलं आहे. पण ती फोनवर जे बघते त्याला घरातून पुरावा मिळतो तो इथे. आई मोठी झाली, संसार केला, दोन मुलं वाढवली, आणि तरी आईचं स्वतःबद्दलचं म्हणणं काय, तर "ही अशी जाडी". मग ती मुलगी भात का खाईल? तुम्हाला साखर आहे, डॉक्टरांनी भात कमी करायला सांगितलाय, तर प्रश्न नाही, तसं तिला सांगा. नसेल तर विचार करा.

आता खो-खोचं. मला वाटतं खरं दुखणं इथे आहे आणि औषधही इथेच असेल. खो-खोत काय करावं लागतं? पाठमोऱ्या गड्याला ओरडून खो द्यायचा, घामाघूम पळायचं, खांबाला झडप घालून वळायचं, सूर मारून मातीत पडायचं, गुडघा सोलवटायचा आणि उठून पुन्हा पळायचं. "मुलींनी असं करू नये" म्हणून रीलवाल्या बाया जे जे सांगतात ते सगळं तुमची मुलगी सहावीपासून करत होती. जिल्ह्यापर्यंत ती गेली ती त्याच मांड्यांच्या जोरावर. आणि कॉमेंट आल्या त्या नेमक्या मांड्यांवर. ज्या अंगाचा तिला अभिमान होता त्याच अंगाची लाज वाटायला लावली. ही गोष्ट कुणा दूरच्या इन्फ्लुएन्सरने केलेली नाही, वर्गातल्या मुलांनी केली आहे, आणि कदाचित मुलींनीही.

त्या रीलचं आधी काहीतरी करा. अजून दिसतंय का ते तिलाच विचारा. "भावाने सांगितलं" हे लपवू नका, पण त्याला शिव्या बसणार नाहीत असं बघा. ॲपमध्ये तक्रार करता येते. वर्गशिक्षिकेशी बोला, मात्र मुलीला न सांगता शाळेत जाऊ नका. तिला वाटलं की आईने गाजावाजा केला, तर पुढचं काही ती तुम्हाला सांगणार नाही. ती नको म्हणाली तर आठ दिवस थांबा आणि पुन्हा विचारा. मुलं लहान आहेत, सुधारू शकतात. पण कुणालाच काही बोललं गेलं नाही तर ती पुढच्या मुलीचंही रील काढतील.

मग तिला विचारा की मैदानावर नेमकं काय नको होतं. मी जे पाहिलंय त्यावरून सांगते, या वयात मुली खेळ सोडतात त्यामागे बऱ्याचदा अगदी साध्या, कुणी तोंडाने न बोललेल्या अडचणी असतात. पळताना छाती हलते आणि घरात कुणी स्पोर्ट्स ब्रा आणून दिलेली नसते. पाळीच्या दिवसांत फिकट रंगाची चड्डी घालून सूर मारायची भीती वाटते. ग्राउंडवर बाथरूम नसतं, असलं तर कडी नसते. सर चांगले असतात, पण सरांना हे सांगणार कोण? तिला घेऊन दुकानात जा, नीट मापाची स्पोर्ट्स ब्रा घ्या, दोन घ्या. गडद रंगाच्या गुडघ्यापर्यंतच्या टाइट्स घालून सराव करता येईल का, हे सरांना तुम्ही विचारा. कुठलेही सर याला नाही म्हणणार नाहीत, आणि म्हणाले तर मला लिहा.

जमलं तर एक संध्याकाळ दोघी बसून खो-खोच्या पहिल्या विश्वचषकाची अंतिम लढत बघा, इंटरनेटवर सापडेल. जानेवारी २०२५, दिल्ली. भारताच्या मुलींनी नेपाळला ७८-४० असं हरवलं. कर्णधार होती आपल्या महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. बघताना उपदेश करू नका. "बघ, ती कशी!" म्हणू नका. नुसतं बघा, आणि तुम्हाला नियम कळत नसतील तर तिला विचारत राहा. तिला सांगायला आवडेल. आणि चियाच्या पाण्यावर असं पळता येत नाही, हे तिला तुमच्यापेक्षा चांगलं माहीत आहे. ते तिच्या तोंडून आलं तर येऊ द्या.

खेळायला ती लगेच परतेल असं नाही. कदाचित परतणारच नाही, सायकल चालवेल, पोहेल, काहीच करणार नाही. जबरदस्ती नको.

फोन. मिस्टरांना सांगा, काढून घेऊ नका. काढून घेतला तर मैत्रिणीच्या फोनवर बघेल, आणि तुम्हाला आत्ता जे थोडंफार कळतंय तेही बंद होईल. शिवाय तिच्या मैत्रिणी, गृहपाठाचे ग्रुप, तिची गाणी, सगळं त्यात आहे. फोन म्हणजे नुसतं विष नव्हे. पण दोन गोष्टी जरूर करा. रात्री दहा ते सकाळी सात सगळ्यांचे फोन दिवाणखान्यात चार्जिंगला, मिस्टरांचाही. हे एकट्या मुलीला लावलेला नियम ठरला तर ती शिक्षा होते. दुसरं, तिचं इन्स्टाग्राम खातं किशोरवयीनांसाठीचं आहे का ते बघा. फेब्रुवारी २०२५ पासून भारतातही ही खाती आली आहेत. ती आपोआप खाजगी असतात, रात्री सूचना बंद होतात, आणि सोळा वर्षांखालच्या मुलांना ही बंधनं सैल करायला आईबापांची परवानगी लागते. पुष्कळ मुलं खातं उघडताना जन्मसाल खोटं टाकतात, त्यामुळे तुमच्या लेकीची नोंद बावीस वर्षांची बाई म्हणून असण्याचीही शक्यता आहे. हसून घ्या आणि दुरुस्त करून घ्या.

आणि मग एखाद्या रविवारी दुपारी, भांडी आवरल्यावर, तिच्याशेजारी बसून म्हणा, "मला दाखव ना, तू काय बघतेस." तिला शिक्षिका होऊ द्या. तपासणी करायला बसलात तर तिला लगेच कळेल. हळूच विचारा: ही बाई काय विकतेय? पैसे घेऊन केलेल्या जाहिरातीवर तसं लिहायचं असा जाहिरात मानक परिषदेचा २०२१ पासूनचा नियम आहे. ते कुठल्या कोपऱ्यात, किती बारीक अक्षरात लिहिलंय, शोधा दोघी मिळून. मुलींना हा खेळ आवडतो, कारण फसवणारा पकडला की मजा येते. तुमच्या फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यात ब्यूटी मोड चालू आहे का बघा, बऱ्याच फोनमध्ये तो विकतानाच चालू असतो. तो बंद करून आणि चालू ठेवून दोघींचे फोटो काढा. मग एक फोटो हातभर अंतरावरून आणि एक धाकट्याला पाच फुटांवर उभं करून. जवळून काढलेल्या सेल्फीत नाक खऱ्यापेक्षा जवळजवळ तीस टक्के रुंद दिसू शकतं, हे अमेरिकन डॉक्टरांनी मोजून दाखवलंय. अंतराचा दोष, नाकाचा नव्हे. नको ती रीलं आली की "यात रस नाही" दाबायचं असतं. आणि सुचवल्या जाणाऱ्या सगळ्या गोष्टी पुसून कोरी पाटी करायचीही सोय सेटिंगमध्ये आहे. कोरी पाटी करून खो-खो, मांजरं, तिला आवडणारी चित्रकला, जे काही असेल ते आठ दिवस मुद्दाम शोधायला सांगा.

एवढं करून ती कदाचित म्हणेल, "मला माहितीये ते सगळं खोटं असतं, आई. तरी वाईट वाटतं." तेव्हा घाईने काही समजवायला जाऊ नका. खरंच वाटतं. तुम्हालाही वाटतं ना?

उपासांचं राहिलं. "उपास करू नकोस" असं एकदम म्हणू नका, त्यात सासूबाई आणि देव दोघेही तिच्या बाजूने उभे राहतील. डॉक्टरांकडूनच येऊ द्या की सोळा वर्षांपर्यंत उपास नाही, फार तर उपासाचं पोटभर खाऊन. सासूबाई डॉक्टरांचं ऐकतात असा माझा अंदाज आहे. आणि पुढच्या संकष्टीला चंद्रोदय उशिरा असतो तसा असेल, नऊ-साडेनऊ होतील, सगळे कंटाळलेले असतील. त्या रात्री पानं वाढाल तेव्हा तिला आग्रह करू नका, तिच्या ताटाकडे बघूही नका. तुमचं ताट तिच्या शेजारी घ्या, त्यात वरणभात वाढा, वर तूप घाला, आणि तुम्ही जेवा.

काय झालं ते लिहा.

ताई